टाकळीचा परस

नोकरीच्या काळात लोक मला विचारायचे, "मॅडम, तुम्ही नेमकं करता काय?" मी सांगायचे, वजाबाकी. विहिरीच्या काठापासून तळ किती खोल आहे ते मोजायचं, काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजायचं आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. उरेल ते पाणी. पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळा तापल्यावर पुन्हा एकदा, अशा गावोगावच्या वजाबाक्या मांडल्या की एखाद्या ओढ्याच्या काठाला किती माणसं, किती गुरं आणि किती ऊस झेपेल, याचा अंदाज येतो. 'जलसंपत्तीचं प्रादेशिक नियोजन' असं भारदस्त नाव असलेल्या विषयाचा पाया एवढाच. लोक हसायचे, "एवढ्यासाठी पगार देतात?" मीही हसायचे. पण शिकत असताना एक वजाबाकी मी चुकवली होती. बाकीच्या नोकरीत सांगण्यासारखं बरंच आहे, तरी या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा हातून हीच एक उतरली.

मी अजिंठ्याची. आमच्या घरी मेंढरं. माझ्याआधी घरातलं कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं नव्हतं. गावातल्या शाळेच्या गुरुजींनी गणित असं घोटून घेतलं की औरंगाबादला, तेव्हा शहराचं नाव तेच होतं, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, आणि पुढे शिष्यवृत्तीवर एम.ई.सुद्धा. गारखेड्यात एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायचे. वडील, म्हणजे आमचे आबा, बाजारात भेटेल त्याला सांगायचे, "पोरगी पान्याची डाक्टर होऊ राहिली." मी काही ते कधी दुरुस्त केलं नाही.

प्रबंधासाठी मी शेंद्र्याच्या पलीकडचा एक ओढा घेतला होता आणि त्याच्या काठची काही गावं. त्यातल्या एका गावाला इथं टाकळी म्हणते. खरं नाव लिहीत नाही, कारण त्या लोकांना आधीच माझ्यामुळे पुरेसा त्रास झाला आहे.

फाल्गुनात पहिल्यांदा टाकळीला गेले तेव्हा विहिरीवर बायकांची गर्दी होती. माझ्या हातातला टेप बघून एक जण म्हणाली, "टेप आनलाय. झंपराचं माप घेती का काय ही?"

"हिरीला झंपर शिवायचाय," दुसरी म्हणाली, आणि तेव्हापासून माझं नाव 'टेपवाली' पडलं.

त्या हसण्यात एक बाई हसली नाही. कपाळावर मोठं गोंदण, खांद्यावर घोंगडी. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "कोनाची गं तू?" मी सांगितलं, अजिंठ्याकडची, आमचीही मेंढरं आहेत. त्यासरशी तिनं माझा हात धरला. "मंग भाचीच की गं माझी!" ही कोंडाबाई. गावाबाहेरच्या धनगरवाडीतली. तिथून पुढं मी तिला मावशी म्हणायला लागले.

टाकळीला पिण्याच्या पाण्याची ही एकच विहीर होती. गाव आणि वाडी दोन्ही हिच्यावर. काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मी टेपनं मोजलं: तीस फूट. आता तळ मोजायचा. त्यासाठी दोरीला लोखंडी गोळा बांधून आत सोडतात, गोळा टेकला की दोरी मोजतात. माझा गोळा दोन दिवसांपूर्वी दुसऱ्या एका गावात कपारीत अडकून तुटला होता. नवा आणायचा तर कॉलेजच्या वर्कशॉपला जावं लागणार, म्हणजे दोन दिवस गेले. प्रबंधाचे मार्गदर्शक असलेल्या आमच्या सरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं: एखादी गोष्ट मोजता आली नाही तर विचारा, पण मोजलेलं आणि विचारलेलं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

मी विचारलं. उत्तर दिलं सखाराम बाबांनी. ही विहीर खोदणाऱ्या टोळीत ते तरुणपणी होते, आणि तेव्हापासून विहीर जणू त्यांचीच. "सात परस हाय," ते म्हणाले. "म्या सोता खांदलीय."

परस हे विहिरीचं जुनं माप. परस म्हणजे पुरुष, एका माणसाची उंची. वर्गातल्या शहरी मुलांना हा शब्द माहीत नव्हता, मला माहीत होता, आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. आबा विहिरीची खोली परसातच सांगायचे. दोन्ही हात सरळ वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. पायापासून बोटांच्या टोकापर्यंत साडेसात फूट धरायचे. साताला साडेसातानं गुणलं: साडेबावन्न. त्यातून तीस गेले. साडेबावीस फूट पाणी! एवढ्या कोरड्या गावाला एवढं पाणी बघून मला बरंच वाटलं. वहीत 'खोली' असा एकच रकाना आखला आणि आकडा लिहून टाकला. माझ्या माणसांची भाषा मला कळते, मग 'विचारलेलं' असा वेगळा रकाना कशाला, असं काहीसं तेव्हा मनात होतं.

निघताना कोंडाबाई वेशीपर्यंत आली. दरवर्षी चैत्र लागला की वाडीतली मेंढरं गोदावरीच्या अंगाला निघत. त्या वर्षी तिच्या घराचा पाय अडत होता. सुनेला सातवा महिना.

"तू शिकल्याली हायेस म्हनून इचारते," ती म्हणाली. "जेठ काढील का ही हीर? काढत आसंल तर आम्ही थांबतो. सून इथंच मोकळी व्हईल. न्हाई तर आत्ताच निघाया पाह्यजे, पुढं तिला चालवनार न्हाई."

मी वही उघडली. माणसं, मेंढरं, रोजचा उपसा, सगळा हिशोब तिच्यासमोर केला. "काढील, मावशी. आरामात काढील. थांबा तुम्ही."

"बघ हां."

"आकडाच तसं सांगतोय," मी म्हणाले.

बाकीची वाडी गेली. कोंडाबाईचं घर थांबलं.

त्याच सुमाराला तहसील कचेरीत टंचाईची यादी तयार होत होती. कोणत्या गावाला टँकर द्यायचा, कोणत्या नाही. त्यांनी आमच्या सरांकडे त्या ओढ्याकाठच्या गावांची माहिती मागितली. सरांनी माझ्या तक्त्यावरून टिपण करून, सही करून दिलं. आपलं काम कचेरीत पोचलं म्हणून मी आबांना पत्र लिहिलं.

वैशाखात दुसऱ्या फेरीच्या मापांना मी नवा गोळा घेऊन टाकळीला गेले. विहिरीवर पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला, पोहरा दगडावर खरखरल्याचा.

"आली बघा टेपवाली," कोणीतरी म्हणालं. "हिच्याच कागदानं टँकर गेला."

"कोणाचा टँकर?" मी विचारलं.

"कोनाचा म्हंजी? आमचा. दरसाल येतो. औंदा सायब म्हनला, टाकळीत बावीस फूट पानी हाय, कॉलेजच्या बाईनं मोजलंय."

मी काठावर वाकले. खाली अंधारात पाण्याचा एक तुकडा दिसत होता. टेप सोडला. छत्तीस फुटांवर पाणी लागलं. माझ्या तक्त्याप्रमाणे खाली अजून सोळा फूट पाणी असायला हवं होतं. मग गोळा सोडला. तो अडतीस-साडेअडतीस फुटांवर टेकला. वर घेतला, दुसऱ्या बाजूनं सोडला. पुन्हा तेवढाच.

"बाबा," मी सखाराम बाबांना म्हणाले, "तुम्ही सात परस सांगितलं होतं ना?"

"सातच हाय."

"सात परस म्हणजे बावन्न फूट. इथं अडतीस भरताहेत. गाळ बसलाय का चौदा फूट?"

"गाळ?" बाबा भडकले. "दोन वर्साखाली म्या उभं राहून गाळ काढलाय. परस म्हंजी काय म्हनती तू?"

मी टेप खाली ठेवला आणि दोन्ही हात वर करून उभी राहिले. "असा."

मग पोहरा ओढणारी एक बाई म्हणाली, "हात कामून वर केले गं? देवाला इनवती का?" आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यात गंमत नव्हती.

बाबा उठले, माझ्यासमोर ताठ उभे राहिले आणि आपल्या पागोट्यावर हात ठेवला. "ह्यो परस. उभा गडी, डोस्क्यापतूर. हात वर करून हीर कोन खांदतंय?"

साडेपाच फूट. साताला साडेपाचानं गुणलं की साडेअडतीस. गोळा बरोबर होता. बाबाही बरोबर होते. त्यांच्या गावाचा परस माझ्या गावाच्या परसापेक्षा वर केलेल्या दोन हातांएवढा आखूड होता, एवढंच. वजाबाकीचं एक वाईट असतं. वरच्या आकड्यातली चूक जशीच्या तशी उत्तरात उतरते, आणि उत्तर छोटं असेल तर सगळं उत्तरच खाऊन टाकते. माझ्या सोळा फुटांतले चौदा फूट फक्त माझ्या वहीत होते.

कोंडाबाई गर्दीच्या मागं उभी होती. तिची सून चार दिवसांपूर्वी बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. बाळंतिणीला पाणी लागतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी तिच्याकडे गेले. "मावशी..."

"मेंढरं दोन दिसांनी पानी पित्यात," ती म्हणाली. तिनं मला भाची म्हटलं नाही, शिवीही दिली नाही. "आता थांबताबी येईना आन् निघताबी येईना. ओली बाळंतीन हाय घरात. सांग आता, काय करू?"

शेंद्र्यापर्यंत चालत आले आणि मिळेल त्या गाडीनं कॉलेज गाठलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "रकाने किती होते?"

"एक."

त्यांनी माझी वही मिटली. मग म्हणाले, "दोन वाटा आहेत. प्रबंधात शुद्धिपत्र जोड, दोन ओळींचं काम आहे. किंवा कचेरीला पत्र लिही, की माझं माप चुकलं आणि त्यामुळे टँकर नाकारला गेला. पत्र लिहिलंस तर त्याची प्रत विद्यापीठात जाईल. परीक्षक विचारतील, बाकीच्या गावांचं काय? सगळी गावं पुन्हा मोजावी लागतील. शिष्यवृत्तीची मुदत त्याच्या आधी संपेल. पुढं मिळेल याची खात्री मी देत नाही."

"आणि तुम्ही, सर? टिपणावर तुमची सही आहे."

"म्हणून तर पत्रावरही करणार. पण लिहायचं तू."

आबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. परत गावी जावं लागलं तर बाजारात ते काय सांगतील, हाही विचार आला. खोटं कशाला लिहू? मी शुद्धिपत्राचा विचार केला, चांगला पाच-दहा मिनिटं केला. मग सरांच्याच टेबलावर बसून पत्र लिहिलं.

कचेरीतले नायब तहसीलदार पत्र वाचून हसले. "मॅडम, फाल्गुनात बावन्न फूट, वैशाखात अडतीस. जेठात किती करणार?"

"साहेब, तेव्हा विचारलं होतं. आता मोजलंय."

"तेव्हाच्या कागदावरही 'मोजलं' असंच लिहिलेलं होतं."

सर शेजारीच बसले होते. साहेबांचंही चुकत नव्हतं. रोज पन्नास माणसं येऊन आमच्या गावात पाणी नाही म्हणणार, आणि ज्या एका कागदावर विसंबावं तो असा. शेवटी ते म्हणाले, "उद्या पंचनामा करू. माझ्या डोळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी जीप टाकळीच्या विहिरीवर उभी राहिली. मी गोळा सोडला. अडतीस फुटांच्या वर थोडं. साहेबांनी दोरी स्वतः हलवून बघितली.

"गोळा दगडावर बसला असेल. खाली कपार असेल, खड्डा असेल. मी यावर सही कशी करू?"

"सायब, म्या खांदलीय ही," सखाराम बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही तर गावचेच."

मी म्हटलं, "मी उतरते. तळाला उभी राहते. टेपचं टोक माझ्या पायाखाली, दुसरं तुमच्या हातात."

जीपचा ड्रायव्हर पुढं आला, "बेटा, नक्को उतरो. पत्थर ढिल्ले हैं." सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, ते मी बघितलं. अर्ध्यापर्यंत पायऱ्या होत्या, तिथून खाली नुसता खडक. सखाराम बाबांनी माझ्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. चार बायकांनी दोर धरला.

मी चपला काढल्या आणि पहिल्या पायरीकडे निघाले, तेवढ्यात कोंडाबाई म्हणाली, "थांब. प्यायाची हीर हाय." ती आपल्या घागरीकडे गेली. त्या घागरीत बाळंतिणीसाठी नेलं जाणारं पाणी होतं. त्यातला तांब्या भरून तिनं माझ्या पायांवर ओतला, आधी एका, मग दुसऱ्या, आणि हातानं टाचा चोळल्या. पाणी मातीत जिरताना सगळे बघत होते. साहेबही बघत होते. ते ओलं पाऊल मी पायरीवर ठेवलं.

पायऱ्या संपल्या तिथं दोर ताणला गेला आणि मी अधांतरी झाले. खडकाला खांदा घासला. माझ्या पायानं एक दगड सुटला आणि पाण्यात बुडायच्या आतच तळाच्या खडकावर आपटला. तो आवाज वरच्यांनीही ऐकला असणार. वरून बाबा ओरडत होते, "भिताडाकडं तोंड कर! खाली बघू नको!" मग पाय पाण्याला लागले. थंड. आणखी खाली, आणि तळ. मी उभी राहिले. पाणी गुडघ्याच्या थोडं वर होतं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पाय घासत चालले, खड्डा नाही, कपार नाही. वर बघितलं तर आभाळाचं ताट आणि त्याच्या कडेनं डोकी.

"किती?" साहेबांचा आवाज घुमला.

"तुम्ही वाचा, साहेब!" टेपचं टोक टाचेखाली दाबून मी ओरडले.

मग वरून आकडा आला. "अडतीस... अडतीस आणि पाच इंच." मग दुसरा आवाज, सरांचा: "मोजलेलं, असं लिहा."

मला वर ओढून घेतलं. साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला आणि मला म्हणाले, "तातडीचं म्हणून पाठवतो."

कचेरीतल्या 'तातडी'ला सहा दिवस लागले. सही करणारे दौऱ्यावर, मग शिक्का कपाटात, मग टँकरचं डिझेल. मी रोज सकाळी जाऊन बाकावर बसायचे. शिपाई म्हणायचा, "मॅडम, तुम्हाला इथंच नोकरी देऊन टाकू." सातव्या दिवशी सकाळी टँकर निघाला आणि मी ड्रायव्हरशेजारी बसून टाकळीला गेले.

बायका घागरी घेऊन धावल्या. ज्या बाईनं देवाला इनवती का विचारलं होतं, तिनं जाता जाता माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तो रागाचा होता की मायेचा, मला अजून ठरवता आलेलं नाही. गर्दीत मी कोंडाबाईला शोधत होते.

"गेली," सखाराम बाबा म्हणाले. "तांबडं फुटताच. मेंढरं ऱ्हाईनात."

मी गावातून सायकल मागून घेतली. दोन कोसांवर धूळ दिसली. मेंढरं माना खाली घालून चालत होती, पुढं घोडीवर सामान, सामानाच्या मध्ये बाळंतीण, डोक्याला फडकं गुंडाळलेली, आणि तिच्या मांडीवर झोळीत अकरा-बारा दिवसांची पोर. कोंडाबाई सगळ्यांच्या मागं होती.

मी उतरून तिच्याबरोबर चालायला लागले. "मावशी, टँकर आलाय. परत चला. आता रोज येणार आहे, कागद झालाय."

"आला, चांगलं झालं. गावाला व्हईल." ती थांबली नाही. "मेंढरांना टँकर कोन दितंय? एकदा पाऊल टाकलं की टाकलं."

"माझ्यामुळे झालं हे."

"व्हय," ती म्हणाली. "तुझ्यामुळंच झालं."

तिनं ते कसलंही आडवळण न घेता म्हटलं. मी सायकल धरून चालत राहिले. घोडीवर पोर रडायला लागली, सुनेनं पदराखाली घेतली, गप्प झाली. पुढं वाट फुटत होती. एक आडूळवरून नदीकडे जाणारी, जवळची; दुसरी लांबून वळसा घेणारी. कोंडाबाई फाट्यावर उभी राहिली, मेंढरंही उभी राहिली. तिनं दोन्हीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"आडूळच्या अंगाला हिरींना पानी हाय का गं?"

आडूळचा एक जुना तक्ता मी सरांच्या कपाटात बघितला होता. आकडे आठवतही होते. ओठावर आले होते.

"मला माहीत नाही, मावशी," मी म्हणाले. "तिथली विहीर मी पाह्यली नाही."

तिनं मान हलवली. काठी उचलून मेंढरं लांबच्या वाटेला वळवली, आणि चार पावलं गेल्यावर मागं न बघता म्हणाली, "आसं सांगत जा, भाचे."